माझ्या बाजूचं तिसरं पेडल

९ जानेवारी

टायरवाल्याने यंदाही डायरी दिली. एरवी मी ती शिकाऊंच्या वेळा लिहायला वापरते, पण त्या आता मोबाइलमध्ये असतात, आणि माझ्या डोक्यात इतकं साचलंय की कुठेतरी ओतायला हवं. सासूबाईंशी बोलावं तर त्या रडतात. नणंदेशी बोलावं तर ती उपाय सांगते. डायरी निदान गप्प तरी बसते.

तर मिस्त्री परत आले. नवऱ्याला मी लग्नाआधीपासून मिस्त्रीच म्हणते, आणि ते मला मॅडम म्हणतात, कारण माझ्या मोटार शाळेत शिकायला येणारे सगळे तसंच म्हणतात. परदेशात एका परक्या सैन्याच्या तळावर ते मोठमोठ्या ट्रकांची दुरुस्ती करायचे. सैनिक नव्हेत, ठेकेदार कंपनीचे नोकर. हातात बंदूक नाही, पाना. वर्कशॉपच्या फाटकावर स्फोट झाला आणि लोखंडाचा एक तुकडा मागून उजव्या मांडीत घुसून नस तोडून गेला. जखम भरली. मांडी चालते, गुडघा चालतो. पण पाऊल खाली लोंबतं ते वर उचलत नाही, आणि त्याला स्पर्श म्हणून कळत नाही. काल चप्पल पायातून निसटून दारात राहिली आणि हे बोलत बोलत तसेच पुढे फाटकापर्यंत गेले.

सासूबाई म्हणतात, जिवावरचं पायावर निभावलं. खरं आहे. पण ज्याच्या पायावर निभावलं त्याच्यासमोर त्यांनी हे दिवसातून चारदा म्हणू नये.

१७ जानेवारी

वकीलबाईंकडे दुसऱ्यांदा जाऊन आले. पहिल्यांदा गेले तोवर माझी समजूत होती की परदेशात पाय गेला तर तो आपल्या नशिबाचा. भरती करणारा एजंट तेच म्हणाला होता. वर म्हणाला, कंपनीने परतीचं तिकीट काढून दिलं हे काय थोडं झालं? वकीलबाईंनी त्याचं बोलणं ऐकून फक्त चष्मा पुसला. म्हणाल्या, तळावर काम करणारा माणूस कुठल्याही देशाचा असो, त्याचा विमा काढणं ठेकेदाराला बंधनकारक होतं. चूक कोणाची हा प्रश्नच नाही. कामावर इजा झाली की काम करता येईपर्यंत पगाराचा मोठा हिस्सा आणि उपचार सगळे, विम्याने द्यायचे. त्यांच्या एका पत्राने पैसे सुरूही झाले आहेत.

आता मुद्दा ऑपरेशनचा. पोटरीच्या मागची चांगली दोरी पुढे आणून पावलाला जोडायची, म्हणजे पाऊल निदान सरळ राहील, असं मला समजेल अशा भाषेत सर्जननी सांगितलंय. पण ते लवकर व्हायला हवं. स्नायू वाळले की मग दोरी जोडूनही उपयोग नाही. खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. विम्याने मान्य केलं तर पाऊल, नाही तर नाही, इतकं ते सरळ आहे.

निघताना वकीलबाई म्हणाल्या, "जपून राहा. विम्याची माणसं लक्ष ठेवतात."

मला हसूच आलं. आमच्याकडे लक्ष ठेवण्यासारखं आहे काय? सासू-सुनेची भांडणं बघायची असतील तर खुशाल बघा म्हणावं.

२ फेब्रुवारी

मिस्त्री आता माझ्याबरोबर मैदानावर येऊन बसतात. घरी मायलेकांचं जमेना. त्या पायाला तेल लावू म्हणतात, हे नको म्हणतात, आणि दोघंही माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. मैदानावर कडेला बाक आहे, तिथे बसून ते माझ्या शिकाऊंची मजा बघतात. माझी एक शिकाऊ, मी तिला ब्रेकताई म्हणते, आज पालापाचोळा उडाला म्हणून करकचून थांबली. मी ओरडले. माझं ओरडणं मैदानापलीकडच्या दुकानदारांना पाठ झालंय. ओरडल्याशिवाय पायांना अक्कल येत नाही, हे माझं मत आहे.

एक नवा शिकाऊ आलाय. मध्यमवयीन, मऊ बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. कधी स्टिअरिंगला हात लावला नाही म्हणाला. पण काय सांगू, पहिल्याच दिवशी क्लच असा सोडला की गाडीला कळलंही नाही. मी त्याचं नाव लोणी ठेवलं. माणूस पायावरून ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. या माणसाकडे उपजत देणगी आहे. त्याला तसं सांगितलंही. लाजला बिचारा.

६ फेब्रुवारी

आज जे केलं ते बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही.

शेवटचा शिकाऊ गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "मॅडम, मला बसू दे."

"कुठे?"

"चाकामागे. नुसता बसतो."

मी नाही म्हटलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दार उघडलं. ज्या माणसाने बारा चाकांचे ट्रक उलटे काढले त्याला आपल्याच गाडीत बसायला परवानगी मागावी लागते, हे मला बघवलं नाही. त्यांनी हाताने गुडघा उचलून उजवा पाय आत घेतला. डाव्या पायाने क्लच दाबला, गिअर टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

इतर शाळांच्या गाड्यांत शिकवणाऱ्याच्या बाजूला क्लच आणि ब्रेक असतो. माझ्या गाडीत मिस्त्रींनीच फार पूर्वी तिसरं पेडलही बसवून दिलंय, रेस द्यायचं. चढावर गांगरून जाणाऱ्या लोकांसाठी. मी वाकून पाहिलं. त्यांचं पाऊल पेडलवर नव्हतंच, शेजारी गालिच्यावर पडलं होतं. त्यांना वाटत होतं ते पेडलवर आहे.

"दाबतोय," ते म्हणाले. गाडी हलली नाही. "दाबतोय ना मी."

आणि मी माझ्या पायाने हळूच रेस दिली.

गाडी निघाली. मैदानाला एक पूर्ण फेरी झाली. वळणाआधी ते "ब्रेक" म्हणाले आणि मी ब्रेक दाबला. थांबल्यावर ते स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले. "ऐकतंय गं," म्हणाले. "माझं ऐकतंय ते पाऊल."

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. सासूबाई आनंदाने रडल्या. आज स्फोटानंतर पहिल्यांदा ते दोनदा वाढून घेऊन जेवले. मी काही बोलले नाही. उद्या सांगेन.

११ फेब्रुवारी

सांगितलं नाही. रोज एक फेरी होते. काल त्यांनी दाढीही केली.

२० फेब्रुवारी

आता शिकाऊसुद्धा मिस्त्रींची फेरी बघायला थांबतात. लोणी तर रोजच. तो मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ काढत असतो, बायकोला गावी पाठवायला म्हणे. आज मैदानावर दोन फेऱ्या झाल्यावर मागच्या गल्लीतून एक चक्कर मारली. रस्ता रिकामा होता, तरी पूर्ण वेळ माझ्या पाठीला घाम होता. ब्रेक आणि रेस सांभाळायची, वर चेहऱ्यावर गप्पा मारत बसल्याचा भाव ठेवायचा. इतकी कसरत मी पहिल्या परीक्षेतही केली नव्हती.

परत आलो तेव्हा लोणी बाकावरून उठून पुढे आला. "सर रोज चालवतात का?"

"रोज," मिस्त्रींनी छाती काढून सांगितलं.

"म्हणजे पाय बराच सुधारला म्हणायचा."

"तुमच्या तोंडात साखर पडो," मी म्हटलं. काय म्हणणार? आणि त्याच्या हातात मोबाइल होताच, म्हणून म्हटलं, "घ्या, आमच्या साहेबांचाही एक व्हिडिओ घ्या. त्यांनाही दाखवायला आईशिवाय कोणीतरी हवं."

त्याने घेतला. मिस्त्रींनी खिडकीतून हात हलवला. अशी माणसं कमी असतात. दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणारी.

सर्जनकडून निरोप आलाय की विम्याची मंजुरी आली की लगेच तारीख देतो. मिस्त्री म्हणतात, "घाई काय? आपोआप सुधारतंय तर चिरफाड कशाला?" मी ऐकलं आणि चरकले. उद्या सांगायलाच हवं.

१ मार्च

लोणी तीन दिवस आला नाही. फोन बंद. परीक्षेची तारीख आठवड्यावर आली होती, उत्तीर्ण नक्की झाला असता. बायको गावी आजारी तर नसेल? मिस्त्रींनाही चुकल्यासारखं झालंय. त्यांच्याशी ट्रकांबद्दल बोलणारा तो एकटाच होता. मुलाखत घ्यावी तशी चौकशी करायचा, किती वजन उचलायचात, जिने चढता का, किती वेळ उभं राहता येतं. इतकं तर डॉक्टरही विचारत नाहीत.

५ मार्च

विम्याच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. मिस्त्रींनी कडक शर्ट घातला, बूट स्वतः चकचकीत केले. मला बाहेर बसवलं. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं, कारण तज्ज्ञ डॉक्टर हसत नसतात असा माझा अनुभव आहे.

बाहेर येऊन म्हणाले, "सांगितलं त्यांना सगळं खरं खरं. म्हटलं, रडगाणं गायला आलो नाही. गाडी चालवतो मी."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "तुम्ही हे कशाला सांगितलंत?"

"का? खोटं आहे का? आणि मी बरा आहे असं कळलं तर कंपनी परत बोलावेल. बसून खायची सवय नाही मला."

ते डॉक्टर आहेत, त्यांनी पाऊल हातात घेऊन पाहिलं असणार. टाचणी टोचली असणार. त्यांना कळलंच असेल. माझ्या मनाची मी अशी समजूत घालतेय आणि ती काही पटत नाही.

१९ मार्च

पैसे बंद. ऑपरेशन नामंजूर. वकीलबाईंनी सकाळी तातडीने बोलावलं, मला एकटीलाच. खोलीत शिरले तर त्यांनी टेबलावरचा संगणक माझ्याकडे वळवला.

पडद्यावर आमचं मैदान होतं. आमची गाडी. खिडकीतून हात हलवणारे मिस्त्री. गाडी वळते, थांबते, निघते, मागच्या गल्लीत जाते. मग एका बाईचा आवाज, ठसकेबाज, आनंदात असलेला. "घ्या, आमच्या साहेबांचाही एक व्हिडिओ घ्या."

मला आधी वाटलं, लोणीचा मोबाइल चोरीला गेला. देवाशपथ, पहिला विचार हाच आला. वकीलबाईंना मी तसं म्हटलंही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे एक कागद वाचून दाखवला. विमा कंपनीने नेमलेल्या तपासनीसाचा अहवाल. जखमी इसम रोज वाहन चालवतो. पत्नीने अभिमानाने सांगितलं की पाय सुधारला आहे. जखमी इसमाने वैद्यकीय तपासणीत स्वतः दुजोरा दिला.

पहिल्या दिवशी क्लच लोण्यासारखा सोडला होता त्याने. उपजत देणगी म्हणे. वीस-वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस माझ्याकडे शिकायला येऊन बसला आणि मी, पायावरून माणूस ओळखणारी, त्याच्या बायकोच्या तब्येतीची काळजी करत होते.

"पण ते चालवत नव्हते," मी म्हटलं. "मी चालवत होते."

वकीलबाईंना समजेना. मग मी खुर्चीतून खाली उतरून, जमिनीवर बसून, पाय पुढे करून दाखवलं. हा क्लच, हा ब्रेक, हे तिसरं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हे त्यांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

२० मार्च

काही सुचत नाही. शिकाऊंना सुट्टी दिली.

२३ मार्च

मिस्त्रींना एवढंच माहीत आहे की विमावाले म्हणतात हे बरे झालेत आणि वकीलबाई म्हणतात नाही. त्यांना याची गंमत वाटते. "पहिल्यांदाच एखादी कंपनी माझ्याबद्दल चांगलं बोलतेय," म्हणाले. सासूबाईही म्हणतात, बरा झालाय तर बरा झालाय म्हणावं, देवाला आवडत नाही असली लबाडी. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

विम्याच्या दाव्यावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांना वकीलबाईंनी तिसऱ्या पेडलचं सगळं कळवलं. विमावाल्यांचं म्हणणं, बायको रचून सांगतेय. शेवटी अधिकाऱ्यांनी सांगितलं की त्यांचा परीक्षक येईल, त्याच गाडीत, त्याच मैदानावर मिस्त्रींना चालवायला बसवेल. मी शेजारच्या सीटवर, पण पाय वर घेऊन.

"मी त्यांना आधी सांगते," मी म्हटलं.

वकीलबाई म्हणाल्या, "सांगू नका असं मी म्हणणार नाही. नवरा तुमचा आहे. पण सांगितलंत आणि मग गाडी चालली नाही, तर ते म्हणतील नवरा-बायकोने नाटक बसवलं. त्यांना जमतंय असं वाटत असताना जमलं नाही, तरच ते खरं ठरेल."

"म्हणजे मी त्यांना तसंच बसू द्यायचं."

"हो. आणि शाळेच्या परवान्यावरही बोट ठेवतील, तीही तयारी ठेवा."

ठेवू देत बोट. परवान्याचं मला काही वाटत नाही. मला दिसतोय तो त्यांचा मागच्या महिन्यातला चेहरा, आईला सांगताना होता तो. तो चेहरा मीच दिला आणि आता चारचौघांत मीच काढून घ्यायचा. नाही घेतला तर पाऊल जाईल. रस्ता कुठला आहे यात?

नणंदेने उपाय सांगितला. देवावर सोड म्हणाली.

८ एप्रिल

आज झालं ते जसं झालं तसं लिहिते.

परीक्षक वयस्कर, कमी बोलणारा. विम्याचा एक माणूस, वकीलबाई आणि आमचे सर्जन बाकाजवळ उभे राहिले. मैदानाच्या टोकाला जुन्या टायरांची रास आहे, तिच्यापलीकडे भिंत. परीक्षकाने आधी सगळी पेडलं स्वतः वाकून पाहिली, हाताने दाबून पाहिली. मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले, "बघ आता. यांच्या डोळ्यांचं पारणं फिटेल." नव्या नवरदेवासारखे दिसत होते.

परीक्षक मागे बसला. मला म्हणाला, "बाई, मांडी घाला. हात मांडीवर. काहीही झालं तरी मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"अहो, तिला कशाला असं अवघडून बसवता?" मिस्त्री म्हणाले. "ती नुसती बसलेली असते."

मी मांडी घातली. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला, हाताने गुडघा उचलून पाय पुढे ठेवला. मी बघितलं. आज पाऊल खरंच पेडलवर होतं. योगायोगाने. गाडी निघाली. निघाली आणि मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. बाकाजवळ विम्याच्या माणसाने वकीलबाईंकडे बघितलं. एक क्षण माझ्या मनात आलं की चमत्कार झाला असेल, पाऊल रोज रोज बसून शिकलं असेल.

"वेग कमी करा," परीक्षक म्हणाला.

त्यांनी गुडघा वर घेतला, ब्रेककडे न्यायला. लोंबणारी बुटाची चोच ब्रेकच्या पेडलखाली अडकली. मला दिसलं. त्यांना कळलं नाही. त्यांच्या मते पाय ब्रेकवर होता. ते दाबू लागले आणि तिरक्या झालेल्या पावलाची टाच रेसवर बसली.

गाडी उसळली.

"ब्रेक," परीक्षक म्हणाला.

"दाबलाय," मिस्त्री म्हणाले. आणखी दाबला. टायरांची रास समोरून मोठी होत आली. "दाबतोय मी. मॅडम, दाबतोय, बघ ना."

सगळं आयुष्य मी एकच काम केलंय. समोरचा चुकला की माझा पाय ब्रेकवर जातो. विचार नंतर येतो. आज माझे दोन्ही पाय माझ्याच मांडीखाली होते आणि मी हातांनी स्वतःचे गुडघे दाबून धरले होते. मी तोंडातून आवाजही काढला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाडी टायरांकडे चाललेली असताना रस्ता सोडून माझ्याकडे बघितलं, आणि मी मांडी घालून बसलेली आहे हे त्यांना तेव्हा दिसलं.

टायरांवर आदळून गाडी बंद पडली. कोणाला लागलं नाही. परीक्षकाने हात लांब करून हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, "पुरे." विम्याचा माणूस धावत आला होता, पण खिडकीपाशी येऊन मागे फिरला.

सगळे खाली उतरले. मिस्त्री उतरले नाहीत. वाकून पेडलांत बघत होते. अडकलेला बूट त्यांनी दोन्ही हातांनी सोडवला. मग माझ्या बाजूच्या पेडलांकडे बघितलं. ते तिसरं त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं.

"तू होतीस," म्हणाले.

मी हो म्हटलं.

घराच्या दारात मी गाडी थांबवली तेव्हा मिस्त्री समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "स्फोटात गेला नव्हता माझा पाय. आज गेला."

सासूबाईंनी विचारलं, काय झालं, काय झालं. मी त्यांना गप्प बसवलं. मिस्त्रींना खुर्चीत बसवून मी त्यांचा बूट काढला. मोजा रक्ताने भिजला होता. पेडलखाली अडकून अंगठ्याचं नख अर्धं उखडलं होतं. मी कोमट पाणी आणलं, पुसलं, पट्टी बांधली. सवयीने विचारून गेले, "दुखतंय का?"

नाही म्हणाले.

२९ एप्रिल

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी ब्रेकताईबरोबर रस्त्यावर होते. गाडी बाजूला घ्यायला लावली. निकाल आपल्या बाजूने. व्हिडिओ ग्राह्य नाही, पैसे पूर्ववत, ऑपरेशन विम्याच्या खर्चाने, आणि सर्जननी पुढच्याच आठवड्यातली तारीख धरून ठेवलीय. माझ्या परवान्याला ताकीद, तेवढ्यावर भागलं. त्या निकालातलं एक वाक्य वाचून दाखवत होत्या, उजवं पाऊल निकामी असल्याचं निर्विवाद सिद्ध झालं आहे. मग म्हणाल्या, "अभिनंदन." मी थँक्यू म्हटलं. ब्रेकताईने विचारलं, चांगली बातमी का मॅडम? मी तिला गिअर टाकायला सांगितलं.

टायरांवर आदळलो त्या दिवसापासून मिस्त्री माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मैदानावर येणं बंद. आज घरी येऊन मी दारातच उभी राहून निकाल सांगितला. गाळलं काही नाही, "निकामी" हा शब्दसुद्धा तसाच सांगितला. त्यांनी मान डोलावली. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या.

मग मिस्त्री म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"पहिल्या दिवसापासून तूच?"

"हो."

"एकदाही मी नाही?"

एकदा होतात, असं म्हणायला जीभ वळली होती. खोटं बोलायची चटक लागते माणसाला. "एकदाही नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी सांगायचं होतं. तुम्ही जेवलात ना नीट, मग सांगवेना. मला फार भीती वाटत होती तुमची. न जेवणाऱ्या, न बोलणाऱ्या तुमची."

मग म्हणाले, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. मैदानात एकदा गिअर खरडला, एकदा खुंटाला घासली गाडी. तू एका शब्दाने ओरडली नाहीस. त्या पालापाचोळ्यावरून बिचारीला केवढी झापलीस, आणि मला काही नाही. जो चालवतो त्याच्यावर तू ओरडतेस. मी चालवतच नव्हतो, म्हणून गप्प होतीस."

मी रडले. उभ्या उभ्याच, पर्स खांद्याला तशीच.

"ऑपरेशन झालं की शिकव मला," ते म्हणाले. "डाव्या पायाने, हाताने, जशी जमेल तशी. पण खरं शिकव."

"शिकवते."

ते पाणी प्यायला उठले. ऑपरेशनपर्यंत पाऊल सरळ धरायला सर्जननी एक आधारपट्टी दिलीय, ती खुर्चीखाली पडली होती, आणि हे भिंतीला हात लावत, पाऊल फरफटत निघाले. मी डोळे पुसले आणि ओरडले. आधारपट्टी काय शोभेला आणलीय, पडलात तर उचलायला मी आहे की तुमची कंपनी येणार आहे, आधी बसा खाली. सासूबाई देवापुढून उठून आल्या.

मिस्त्री बसले. आधारपट्टी घातली, ती उलटी. मी परत ओरडले.